सासरी जाती का?

१

साखऱ्याच्या जैनबबीचा बोकड चोरीला गेल्याची खबर आली तेव्हा निम्मं ठाणं हसलं. हवालदार शिला खिल्लारे हसल्या नाहीत. यात्रेचा बंदोबस्त उरकून त्या कालच परतल्या होत्या. पावलं सुजून बुटात मावत नव्हती. दुपारचा डबा खाऊन पंख्याखाली घटकाभर डोळे मिटावेत, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

पण साहेबांनी आत बोलावलं. बोकड साधासुधा नव्हता, मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत फोनोफोनी फिरलेल्या त्या व्हिडिओतला होता. साहेबांच्या मुलीनं तो स्टेटसला ठेवला होता, आणि कुठल्याशा चॅनेलवाल्यानं सकाळीच चौकशीचा फोन केला होता. माणूस खून होऊन पडला तर तीन दिवस कोणी विचारत नाही आणि बोकडासाठी फोन येतात, असं साहेब स्वतःशीच बोलले आणि फाइल शिलाबाईंकडे सरकवून मोकळे झाले.

व्हिडिओ शिलाबाईंनीही पाहिला होता. न पाहून चालण्यासारखं नव्हतंच, तो सगळीकडून अंगावर यायचा. मातीचं अंगण, त्यात उभं असलेलं तांबडं जनावर, छातीच्या वरचंच दिसणारं. मागून एका म्हातारीचा वैतागलेला आवाज येतो, "सासरी जाती का न्हाई?" जनावर मान वाकडी करतं, तोंड फिरवतं, स्वतःभोवती गिरक्या घेतं आणि धपकन खाली बसतं. बस, एवढंच. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू आवरत नसे. लोकांनी त्याला 'सासुरवाशीण बकरी' असं नाव दिलं आणि म्हातारीच्या आवाजाखाली आपापली अडचण लिहून पुढे ढकलली. सोमवारी ऑफिसला जाती का? गणिताच्या पेपरला बसती का? जुन्या पक्षात परत जाती का? बकरी आपली मान वळवून बसतेच आहे.

तक्रार घेऊन आला होता जैनबबीचा मुलगा नोमान. हिंगोलीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. व्हिडिओही त्यानंच काढलेला. वर्णन सांगा म्हटल्यावर तो म्हणाला, तांबडा बोकड, कपाळावर पांढरा ठिपका, नाव बादल.

"लोक तर बकरी म्हणतात," शिलाबाई म्हणाल्या.

"म्हणू द्या मॅडम. व्हिडिओत पोटाखालचं दिसत न्हाई ना. आहे बोकडच."

परवा पुण्याहून जाहिरातवाले शूटिंगला येणार होते, म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता. संशय कोणावर, या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. शेजारचा पुंजाजी. पुंजाजीनं भर अंगणात, लोकांदेखत सांगितलं होतं की एक दिवस या बोकडाचा कायमचा बंदोबस्त करतो.

२

साखऱ्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. जैनबबीच्या घराच्या भिंतीवर कोणीतरी निळ्या रंगात बकरी काढून ठेवली होती. अंगणातली माती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी पिठासारखी झाली होती. लोक दुरून येत, फोटो काढत, बोकडापुढं उभं राहून तोच प्रश्न ओरडत आणि त्यानं गिरकी घेतली की टाळ्या पिटत.

दाव्याचा खुंटा जागच्या जागी होता. दोर कापलेला नव्हता. गाठ सोडून, नीट वेटोळं करून खुंट्याला अडकवला होता. शिलाबाई तिथंच उकिडव्या बसल्या. गुडघे कुरकुरले. खुंट्याशेजारी जमिनीवर एक गोल, ओलसर खूण होती, जर्मनचं भगुणं रोज ठेवतात तशी. भगुणं कुठंच नव्हतं. बोकडाच्या अंगाखाली असतं म्हणून नोमाननं सांगितलेलं गोणपाटही नव्हतं.

त्यांनी मनात नोंद केली. चोर बोकड नेतो. त्याचं पाणी प्यायचं भांडं आणि अंथरूण कशाला नेईल?

जैनबबी उंबऱ्यावर बसली होती. साठीच्या पुढची, काटक. रडलेली दिसत नव्हती, पण झोपलेलीही दिसत नव्हती. आवाज ऐकला का, कुत्रं भुंकलं का, असं शिलाबाईंनी विचारलं. म्हातारीनं प्रत्येक वेळी नुसती मान हलवली. बादलबद्दल विचारलं तेव्हा मात्र तिला बोलावंसं वाटलं. तो लहान असताना त्याची आई गेली, बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवलं, असं ती सांगू लागली. घरातलं तिचं बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी असावं. पोलिसांसमोर ती जपून मराठी बोलत होती.

"दोन दिवस झाले, त्यो काईच खात नव्हता," ती म्हणाली आणि जीभ चावल्यासारखी थांबली. "कुनाला सांगितलं न्हाई मी. नोमानलाबी न्हाई. शूटिंग हाय म्हनून त्यो आधीच तकलीफमंदी."

"घरात कोण कोण असतं?"

"मी. अन् नोमान आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी येतो. पोरगी शबनम, ती सासरी कळमनुरीला."

शिलाबाईंनी मान डोलावली. पण म्हातारीच्या मागं, आतल्या दोरीवर एक गर्द हिरवी ओढणी वाळत होती. टोकाला गोंडे लावलेली, हल्लीच्या पोरी घेतात तशी. वाऱ्यानं ती हलली आणि तिच्यातून पाण्याचा एक थेंब खाली पडला.

३

पुंजाजीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शिजवलेली हळद वाळत घातली होती. पिवळट धुरकट थर, त्याला मातकट वास. पुंजाजी डोक्याला पंचा गुंडाळून हळद उलटत होता. पन्नाशी ओलांडलेला, आवाजात कायमची चीड. धमकी दिली होती हे त्यानं नाकारलं नाही. व्हिडिओ बघायला येणारे हळद तुडवून जात होते, गाड्या दारात लावत होते, बायकोला अंगणात आंघोळीचं पाणी तापवायची चोरी झाली होती. होळीपासून त्या घराशी बोलणं बंद आहे, त्या घरचं काही विचारू नका, असं तो म्हणाला.

"मग बोकड गेला ते बरंच झालं म्हणायचं."

पुंजाजीनं हळदीतून हात काढला. "तसं कसं म्हनू बाई? मुका जीव. दोन दिवस तोंडात घास न्हाई त्याच्या. अन् लोकं टाळ्या पिटून राहिले."

त्याची बायको रुख्मिणीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं नवऱ्याकडं एकदम बघितलं आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

दाराशी पुंजाजीची मालवाहू पिकअप उभी होती. बंदोबस्ताच्या दिवसांत अशा शेकडो गाड्यांच्या मागच्या फळ्या शिलाबाईंनी उघडायला लावल्या होत्या. त्यांनी हीही उघडली. हळदीची पिवळी भुकटी, दोन-चार सुतळ्या, आणि कोपऱ्यात काळ्या, गोल लेंड्या. ओल्या नव्हत्या, पण फार जुन्याही नव्हत्या. पुंजाजीच्या गोठ्यात दोन बैल होते. शेळी, मेंढी काही नाही.

पकडावं त्याला, असं सोबतचा शिपाई कानाशी लागला. शिलाबाईंनी त्याला गप्प केलं. बोकड कापायला नेणारा माणूस त्याचं भांडं आणि गोणपाट घेऊन जात नाही. आणि ज्या घराशी बोलणं बंद आहे, त्या घरच्या बोकडानं घास सोडलाय, हे याला कोणी सांगितलं? जैनबबी तर म्हणते, कुणालाच सांगितलं नाही.

ओढणीही डोक्यातून जात नव्हती. गाडीत बसल्यावर त्यांनी नोमानला फोन करून कळमनुरीचा नंबर घेतला आणि शबनमच्या नवऱ्याला फोन लावला. पलीकडून घोगरा, तुटक आवाज आला. शबनम? ती तर माहेरीच आहे की. दिवाळीत गेली ती आलीच नाही. तुम्हीच पाठवून द्या तिला.

फोन बंद झाला. ओढणी ओली होती, म्हणजे पोरगी सकाळपर्यंत घरातच होती. एकाच दिवशी, एकाच अंगणातून एक बोकड आणि एक लेक नाहीशी झाली होती. तक्रार फक्त बोकडाची आली होती.

४

नोमानचं दुकान बाजाराच्या रस्त्याला, जेमतेम दोन माणसं मावतील एवढं. बहीण कळमनुरीला पोचलेली नाही हे ऐकून त्याच्या हातातला पेचकस काउंटरवर पडला. आई म्हणाली, सकाळीच गेली, आपणहून गेली. त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं, हेही त्यानं सांगून टाकलं. दिवाळीपासूनचा घोर मिटला असं वाटलं होतं.

शिलाबाईंनी स्टूल ओढलं आणि हा व्हिडिओ एवढा पसरला कसा, ते सांग म्हणाल्या. त्यावर बोलायला तो नेहमीच तयार असायचा, आजही सवयीनं बोलू लागला. आधी त्यानं तो आपल्या पेजवर टाकला. गावातल्या, ओळखीच्या लोकांनीच बघितला. मग पुण्यातल्या एका मोठ्या पेजनं उचलला आणि त्यावर 'सोमवारी ऑफिसला' लिहिलं. तिथून चाक फिरलं. गंमत अशी की जनावर काहीच बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला त्याच्या तोंडी आपलं गाऱ्हाणं घालता येतं. व्हिडिओ जेवढा छोटा, तेवढा परत परत बघतात. सुरुवातीला माणसं दिसली, शेवटाला काही भलतंच आलं, तर हसू टिकत नाही. म्हणून पुढचं-मागचं कापायचं. मग कोणी ढोलकी लावतं, कोणी हिंदीत करतं. एकदा गावाबाहेर गेलं की ते कोणाचंच राहत नाही.

"म्हणजे तू पुढचं-मागचं कापलंस."

नोमान काउंटरवर पडलेला पेचकस उचलायला वळला.

"मला एक सांग," शिलाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "तुझी आई बादलला काय म्हणते? तो खात नव्हता, तो बाटलीनं दूध प्यायचा. सकाळपासून ऐकते आहे मी. जनम शेरडांत गेलेली बाई बोकडाला 'जाती का' काहून म्हणेल? 'जातो का' म्हणाली असती. आणि बोकडाला कोणी सासरी जा म्हणतं का? सगळ्या महाराष्ट्राला ती बकरी वाटली, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो प्रश्न बोकडाला नव्हता. अंगणात आणखी कोणीतरी बसलं होतं. मूळ व्हिडिओ दाखव."

डिलीट झाला, असं तो आधी म्हणाला. शिलाबाई नुसत्या बसून राहिल्या. चालायचं त्राण त्यांच्यात नव्हतंच. शेवटी त्यानं खणातून एक जुना, काच तडकलेला फोन काढला.

मूळ व्हिडिओ फार मोठा नव्हता. बोकड तोच, अंगण तेच. जैनबबी आधी कोणाला तरी समजावते आहे, लोक काय म्हणतील, किती दिवस असं बसणार. मग तो प्रश्न. बोकड मान वाकडी करतो, गिरक्या घेतो, बसतो. नोमान कॅमेऱ्यामागं फिसकन हसतो. आणि त्या हसण्याखालून, फ्रेमच्या बाहेरून, एका पोरीचा हळू आवाज येतो.

"मारतात मला, अम्मी."

व्हिडिओ तिथंच संपला. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं. नोमाननं फोन पालथा ठेवला.

"तिथं हसू तुटत होतं, मॅडम," तो म्हणाला. "म्हनून कापलं. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडन हाय. मिटंल."

५

शिलाबाई पुन्हा साखऱ्याला आल्या तेव्हा पुंजाजी हळदीवर ताडपत्री ओढत होता. त्यांनी त्याला पायरीवर बसायला सांगितलं, रुख्मिणीबाईलाही बाहेर बोलावलं, आणि ओळीनं बोलत गेल्या. दोर सोडणारा हात घरचा होता. भांडं आणि गोणपाट नेणाऱ्याला बोकड जगवायचा होता. मान एका बाजूला वाकडी करून गरगर फिरणारं, खाणं सोडलेलं जनावर नखरे करत नसतं, ते आजारी असतं. असं जनावर चालत नेता येत नाही, गाडी लागते. तालुक्याच्या दवाखान्यात बादलला सगळे ओळखतात, तिथं नेलं असतं तर गावात लगेच कळलं असतं, म्हणजे त्याला लांब, हिंगोलीला नेलं. या गल्लीत गाडी एकच आहे, आणि तिच्यात लेंड्या आहेत.

"होळीपासून बोलणं बंद आहे म्हणालात. त्यानं घास सोडलाय हे मग कोणी सांगितलं तुम्हाला? शबनमनं ना?"

पुंजाजीनं पंचा सोडून तोंड पुसलं. बोलली ती रुख्मिणीबाई.

"भिताडाला भिताड हाय आमचं. लोकं भायेर वरडायचे, सासरी जाती का, अन् ती पोरगी आतमंदी रडायची. रोज. किती दिवस ऐकावं मान्सानं? काल रातच्याला तीच आली मागच्या दारानं. म्हनली, काकू, बादलला दवाखान्यात न्या, नाहीतर मरंल. मी म्हनलं, तूबी चल. पहाटं मी सोता गाडीत बसले तिच्यासंगं."

"आमी काहून गप बसलो ते तुमाला सांगायला पाहिजे का?" पुंजाजी म्हणाला. "त्यांची पोरगी अन् आमची गाडी. गावाला तेवढंच पुरतं. कुनी तिचं रडनं विचारलं नसतं."

शिलाबाईंना ते सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत गावाला काय पुरतं हे त्यांना पुरतं कळलं होतं. त्यांनी फक्त पत्ता मागितला.

"पन बाई," मागून रुख्मिणीबाईनं विचारलं, "तुमी तिला सासरी नेऊन सोडनार का?"

शिलाबाईंनी मागं वळून पाहिलं. याआधी अशा किती पोरींना समजुतीच्या दोन गोष्टी सांगून गाडीत बसवलं गेलं होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. जैनबबीच्या दारासमोर थांबून त्यांनी म्हातारीला गाडीत घेतलं. म्हातारीनं कुठं जायचं ते विचारलं नाही.

६

हिंगोलीत रेल्वे स्टेशनाच्या मागच्या वस्तीत राणीचं घर होतं. राणी आणि शबनम कॉलेजात एकत्र शिकल्या होत्या. राणी आता एका खासगी दवाखान्यात नर्स होती. घराला मागं पत्र्याचा आडोसा होता. त्यात गोणपाटावर बादल कुशीवर पडला होता. मान अजून वाकडी, पण डोळे उघडे. त्याच्याजवळ एक सडपातळ पोरगी बसली होती. वर्दी बघून ती उठली नाही, फक्त बोकडाच्या पाठीवरचा हात घट्ट झाला.

मेंदूपर्यंत गेलेला ताप आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. आठवडाभर आधी आणला असता तर खात्रीनं सांगता आलं असतं. आता इंजेक्शनं चालू आहेत, बघू. शबनमनं नोमानला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की हा आजारी आहे, भिंतीला धडकतो, तोंडातून लाळ येते. शूटिंग होऊ दे मग नेऊ, असं तो म्हणाला होता.

"त्याला दुखायचं म्हनून तो फिरायचा," ती म्हणाली. "जेवढा जास्त फिरायचा, तेवढे लोकं जास्त हसायचे."

जैनबबी आडोशाच्या तोंडाशीच थांबली होती. दोर तिनंच सोडला होता. पहाटे लेकीला आणि बोकडाला मागच्या दारानं लावून दिलं, मग मुलाला खोटं सांगितलं आणि पोलिसांनाही. शिलाबाईंनी विचारायच्या आतच तिनं ते कबूल केलं. बोकड तिचा, दोर तिचा. ज्याचं त्यानंच सोडून दिलं, त्याला चोरी म्हणत नाहीत.

"व्हिडिओ आला तवा मीबी हसले, बेटा," म्हातारी शिलाबाईंना म्हणाली. "मग रस्त्यानं जानारं पोरगंसुदीक माझ्याच आवाजात माझ्या लेकीला इचारायला लागलं. दारात, बाजारात, फोनमंदी. सगळीकडं मीच. तवा मला ऐकू आलं, मी काय इचारलं व्हतं ते."

ती लेकीजवळ जाऊन मातीत बसली. शबनमनं तिच्याकडं बघितलं नाही, पण सरकून जागा केली.

साहेबांचा फोन आला. बोकड सापडला का, चॅनेलवाला परत विचारतोय. शिलाबाईंनी सांगितलं की सापडला, आजारी आहे, मालकिणीनंच उपचाराला पाठवला होता, गुन्हा नाही. साहेब खूश झाले. मोठं काम झालं, आता परत या, संध्याकाळी बैठक आहे, म्हणाले.

"मला यायला उशीर होईल, साहेब. इथं एक तक्रार घ्यायची आहे."

"कशाची?"

"घेतली की सांगते."

दुपारपासून नोमानचे फोन येत होते, ते त्यांनी घेतले नव्हते. पण तो आपणहूनच आला. पुंजाजीकडून पत्ता घेऊन, मोटारसायकल वस्तीच्या तोंडाशी लावून. व्हिडिओ पेजवरून काढून टाकला, असं तो दारातूनच म्हणाला. शबनमनं त्याला शांतपणे विचारलं की बाकीच्यांच्या फोनमधून कसा काढणार. मग त्यानं खिशातून तो काच तडकलेला फोन काढून शिलाबाईंपुढं धरला. हे पुराव्याला लागेल ना, असं त्यानं विचारलं. लागेल, त्या म्हणाल्या. तो आत आला नाही, गेलाही नाही. पत्र्याच्या सावलीत उभा राहिला.

राणीनं प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. शिलाबाई तिच्यावर बसल्या, बूट काढले आणि सुजलेली पावलं गार जमिनीवर टेकवली. समोर शबनम ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"लई हाय सांगन्यासारखं," ती शेवटी म्हणाली. "तुमाला वेळ हाय का?"

"आहे," शिलाबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."